मठारलेलं तांबं

पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी पेशवाईत वसली. तांबट मंडळी कोकणातून आली. हंडे, घंगाळी, पुढे बंब त्यांनी पुण्याच्या घराघरांत पोचवले. आमचे आजोबा त्यांतलेच. मी मात्र हातोडी सोडून पदार्थविज्ञान शिकवायला लागले, आणि मग कळलं की आजोबा रोज काय करत होते.

पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की ते तो भट्टीत लाल करत, पाण्यात बुडवत, पुन्हा ठोकायला घेत. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांबं मऊच राहतं. तांब्यात अणूंच्या ओळी एकीवरून एक सहज घसरतात, कारण ओळींत जागोजागी दोष असतात. ठोक्यागणिक हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि घसरणं थांबतं. भट्टीच्या आचेत अणूंची मांडणी नव्याने होते. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी हे दोष स्वतंत्रपणे मांडले ते 1934 साली. प्रत्यक्ष सरकताना दिसले 1956 मध्ये, केंब्रिजला. आळीत तोवर पिढ्या उलटल्या होत्या.

भांडं घडल्यावर शेवटी मठारकाम, म्हणजे हातोडीने ठसे उमटवणं. तेव्हा मात्र भट्टी नाही, कडकपणा हवाच असतो. त्या ठशांवर तांबडा रंग खुलतो, तो इलेक्ट्रॉनांमुळे: निळा-हिरवा प्रकाश ते शोषतात, लाल परत पाठवतात.

स्टेनलेस स्टील आलं, गॅसचे गिझर आले, बंब अडगळीत गेले. आता मठारलेले दिवे हॉटेलवाले मागवतात. आजोबांनी नाक मुरडलं असतं, पण ऑर्डर घेतली असती.