मर्ज सॉर्ट

मर्ज सॉर्ट : यादी निम्म्यावर फोडायची, दोन्ही निमे क्रमाने लावायचे आणि मग एकत्र गुंफायचे, अशी संगणकातील क्रमवारी लावण्याची रीत. जॉन फॉन नॉयमान यांनी १९४५ मध्ये एडव्हॅक या संगणकासाठी ती मांडली.

पवनानगर-लोणावळा परिसरातील आठ किल्ले अकारविल्हे लावायचे आहेत असे धरू : लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, कोरीगड, मोरगिरी, घनगड. यादी फोडत फोडत एकेक नाव सुटे करायचे. एकटे नाव आपोआपच क्रमात असते, म्हणून फोडणे तिथे थांबते. खरे काम जोडताना होते. आधी जोड्या लागतात. त्यांतून ‘तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर’ आणि ‘कोरीगड, घनगड, मोरगिरी, राजमाची’ या दोन रांगा तयार होतात. आता दोन्ही रांगांची फक्त पहिली नावे ताडून पाहायची आणि आधी येणारे उचलायचे. तिकोना आणि कोरीगड यांत कोरीगड आधी. मग तिकोना आणि घनगड यांत घनगड. तिकोना आणि मोरगिरी यांत तिकोना. असे करत राजमाची उचलला की एक रांग संपते आणि उरलेले लोहगड, विसापूर न ताडताच मागे लागतात. सुरुवातीपासून एकूण तुलना १५ झाल्या. प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडले असते तर २८ लागल्या असत्या.

यादी वाढली की हा फरक प्रचंड होतो. दहा लाख नावे फोडून जोडायला सुमारे वीस फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त दोन कोटींच्या आसपास तुलना लागतात. प्रत्येक जोडी ताडायची तर सुमारे पन्नास हजार कोटी. यादी आधी कशीही विस्कटलेली असो, ही हमी ढळत नाही. टोनी होअर यांच्या क्विक सॉर्टमध्ये मेहनत जोडण्याऐवजी फोडण्यात असते. ती बहुधा जलद चालते. पण विभागणी सतत एकांगी झाली तर रखडते.

मर्ज सॉर्टला यादीएवढीच जादा जागा लागते, हा तिचा मोठा तोटा. बरोबरी झाल्यास डाव्या रांगेतील नोंद आधी उचलली, तर मूळ क्रम टिकतो. त्यामुळे नावांनुसार लावलेले किल्ले पुन्हा तालुक्यांनुसार लावले, तरी प्रत्येक तालुक्यातील नावे अकारविल्हेच राहतात. व्यवहारातील नोंदींसाठी हा गुण वेगाइतकाच मोलाचा आहे. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथन या संगणकभाषेसाठी लिहिलेली टिमसॉर्ट ही रीतही अशाच गुंफणीवर उभी आहे, आणि जावामध्येही ती वापरली जाते.