तगादा, जप्ती आणि जळालेलीं खतें

पेशवाईंत ऋणको पैसे देईना तर धनको स्वतःच तगादा लावी. दाराशीं धरणें धरी, पहारा बसवी, प्रसंगीं अन्नपाणीही रोखी. एल्फिन्स्टन साहेबानें आपल्या १८१९ च्या अहवालांत ही चाल नमूद केली आहे. जाच कठोर खरा. परंतु त्याचा रोख ऋणकोच्या देहावर व अब्रूवर असे, जमिनीवर त्या मानानें कमी. इंग्रजी अमलांत, विशेषतः १८५९ च्या दिवाणी कायद्यानंतर, सावकार हुकूमनामा मिळवून बजावणीची दरखास्त देऊं लागला, आणि जप्ती होऊन शेताचा लिलाव पुकारला जाऊं लागला. कागद हेंच सावकाराचें शस्त्र झालें.

म्हणूनच ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा उसळला तेव्हां, व त्यामागून इतरत्र झालेल्या दंग्यांतही, कुणब्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांचीं खतें व हुकूमनामे यांवर होता. पुढें १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्याची जमीन, ती त्याच कर्जास स्पष्टपणें गहाण नसल्यास, पैशाच्या हुकूमनाम्यांत जप्त करून विकण्यास मनाई झाली.

सबब संग्राहकांनीं जप्तीच्या याद्या टाकाऊ समजूं नयेत. दंग्याच्या टापूंत खत न मिळणें हें कर्ज नसल्याचें प्रमाण नव्हे. तें जळालें असण्याचाही संभव आहे.