कौंटीची सीमा आणि आरोग्याचा विमा

मनुष्यानें आजारी केव्हां पडावें हें त्याच्या हातीं नसतें. परंतु आजारी पडल्यावर उपचारांचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न प्रत्येक समाजाला केव्हां ना केव्हां सोडवावा लागतो. इंग्लंडनें १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापून तो सोडविला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं निराळी वाट धरली. म्हातारे व गरीब यांची कांहीं सोय सरकारनें केली. नोकरदारांचा विमा मालकांवर सोपविला. आणि जे कोठेंच बसत नव्हते त्यांच्यासाठीं कायद्यानें विम्याचा एक बाजार उभा केला. पण हा बाजार साऱ्या देशाचा मिळून एक नाहीं. तेथें विमा घेऊं पाहणाऱ्याला अगदीं आरंभींच विचारलें जातें, "आपलें राहणें कोणत्या कौंटींत?" कौंटी म्हणजे ढोबळ मानानें जिल्हा, विस्तारानें मात्र ती पुष्कळदां एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच असते. या एका उत्तरावर त्या माणसापुढें किती कंपन्या येतील, हप्ता किती पडेल आणि कोणते डॉक्टर त्याला लाभतील, हें ठरतें. असें कां झालें, हें कळण्यास सुमारें शंभर वर्षें मागें जावें लागतें.

१९२९ सालीं टेक्सस संस्थानांतील डल्लास शहरीं बेलर विद्यापीठाचें इस्पितळ पैशाच्या अडचणींत होतें. तेथील कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबॉल हे पूर्वीं त्याच शहरांतील शाळांचे प्रमुख अधिकारी होते. इस्पितळाचीं थकलेलीं बिलें चाळतांना त्यांत शिक्षकांचीं नांवें त्यांना दिसलीं. तेव्हां त्यांनीं एक योजना मांडली. प्रत्येक शिक्षकानें दरमहा ५० सेंट द्यावे, आणि आजारी पडल्यास वर्षांतून २१ दिवसांपर्यंत इस्पितळानें त्याची शुश्रूषा करावी. हजाराहून अधिक शिक्षक तींत सामील झाले. थेंबें थेंबें तळें सांचे, या न्यायानें इस्पितळ तगलें आणि शिक्षकहि निर्धास्त झाले. पुढें 'ब्ल्यू क्रॉस' या नांवानें देशभर पसरलेल्या योजनांचा उगम हाच होय.

या योजनांचा आरंभींचा दंडक असा होता कीं, एका भागांत राहणाऱ्या सर्वांना दर एकच. तरुण असो वा म्हातारा, धडधाकट असो वा रोगी, वर्गणींत फरक नसे. गांव करी तें राव न करी, हेंच त्यामागचें तत्त्व. परंतु नफ्यासाठीं चालणाऱ्या कंपन्या या धंद्यांत उतरल्या आणि त्यांनीं निरोगी माणसांचे गट हेरून त्यांना स्वस्त दर देऊं केले. निरोगी लोक तिकडे गेले म्हणजे मागें राहणाऱ्यांत आजारी लोकांचें प्रमाण वाढे, आणि एकच दर ठेवणारांचा हप्ता चढे. आरोग्यविम्यांतील मूळ दुखणें हेंच. ज्याला विम्याची गरज अधिक तोच विमा घेण्यास धांवतो, आणि ज्याच्यावांचून विमा चालत नाहीं तो दूर राहतो.

दुसऱ्या महायुद्धानें या इतिहासाला आणखी एक वळण दिलें. १९४२ सालीं सरकारनें पगारवाढीवर निर्बंध घातले; पण विम्यासारख्या सवलतींना त्यांतून सूट होती. कामगार टिकविण्यासाठीं कारखानदार पगाराऐवजीं विमा देऊं लागले. मालकानें भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर नाहीं, ही गोष्ट १९५४ च्या करकायद्यानें पक्की केली. विमा असा नोकरीला जखडला गेला. अध्यक्ष ट्रुमन यांनीं १९४५ सालीं सर्व राष्ट्रासाठीं आरोग्यविम्याची योजना मांडली, परंतु डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढें ती टिकली नाहीं. १९६५ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं वृद्धांसाठीं 'मेडिकेअर' व गरिबांसाठीं 'मेडिकेड' हे कायदे केले. वृद्ध ट्रुमन यांच्या गांवीं जाऊन त्यांनीं त्यावर सही केली.

एवढें होऊनहि लहान दुकानदार, शेतकरी, स्वतंत्र धंदा करणारे कारागीर, नोकरी सुटलेले लोक हे मध्येंच लोंबकळत राहिले. त्यांना आपला विमा आपणच विकत घ्यावा लागे. बहुतेक संस्थानांत अशा वेळीं कंपनी अर्जदाराच्या जुन्या दुखण्यांची चौकशी करी, आणि मधुमेह किंवा हृद्रोग आढळल्यास त्याला सरळ नकार देऊं शके. विमा हवा त्यालाच तो मिळूं नये, अशी ही परिस्थिति होती.

तींतून वाट काढण्याचा प्रयत्न प्रथम मॅसॅच्युसेट्स संस्थानानें २००६ सालीं केला, आणि त्याच धर्तीवर अध्यक्ष ओबामा यांनीं २३ मार्च २०१० रोजीं सही केलेला कायदा सर्व देशाला लागू झाला. त्याचीं मुख्य अंगें तीन. कंपनीनें आजारी माणसाला नाकारूं नये आणि त्याच्याकडून जास्त हप्ताहि घेऊं नये. निरोगी माणसानेंहि विमा घ्यावा, न घेतल्यास दंड भरावा. आणि ज्यांना हप्ता झेपत नाहीं त्यांना सरकारनें साहाय्य द्यावें. नवा बाजार १ ऑक्टोबर २०१३ रोजीं उघडला. त्याची संगणक-यंत्रणा इतकी कोलमडली कीं पहिल्या दिवशीं अवघ्या ६ लोकांची नोंदणी पुरी झाली. पण दुरुस्ती होऊन पहिला हंगाम संपेपर्यंत सुमारें ८० लाख लोकांनीं विमा निवडला होता.

आतां कौंटीचा संबंध येथें येतो. अमेरिकेंत विम्याच्या धंद्यावर देखरेख मुख्यतः संस्थानांची असते. नव्या कायद्यानें हप्ता ठरवितांना वय, तंबाखूचें व्यसन, कुटुंबांतील माणसें आणि राहण्याचें ठिकाण एवढ्याच गोष्टी पाहण्यास मुभा ठेवली. प्रौढांमध्यें सर्वांत वृद्धाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून अधिक असूं नये, आणि तंबाखू सेवन करणाऱ्याचा दीडपटीहून अधिक असूं नये, असें बंधन घातलें. ठिकाणासाठीं प्रत्येक संस्थानानें दरांचे विभाग पाडावयाचे होते, आणि बहुतेकांनीं कौंट्यांच्या जुन्या सीमाच त्यासाठीं वापरल्या. कोठें अनेक कौंट्यांचा मिळून एक विभाग झाला. तर फ्लॉरिडांत ६७ कौंट्यांचे ६७ व दक्षिण कॅरोलिनांत ४६ कौंट्यांचे ४६ विभाग झाले. न्यायकचेरी आणि जमिनीचीं दफ्तरें यांसाठीं आंखलेली रेषा अशा रीतीनें आरोग्याच्या किंमतीचीहि रेषा ठरली. शिवाय कोणत्या कौंटींत विमा विकावयाचा आणि कोणत्या कौंटींतून काढतें घ्यावयाचें, हें कंपनीच्या इच्छेवर राहिलें.

या बाजारांत उतरणाऱ्या कुटुंबापुढें विमे मांडलेले असतात ते धातूंच्या नांवांनीं. कांस्य विमा सर्वसाधारणपणें उपचारखर्चाचा ६० टक्के भार उचलतो, रौप्य ७०, सुवर्ण ८० आणि प्लॅटिनम ९० टक्के. हप्ता जितका हलका, तितका आजारपणीं पदरचा खर्च मोठा. सरकारी साहाय्याचें माप त्या विभागांतील खालून दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त रौप्य विम्यावरून काढतात. उदाहरणार्थ, असा विमा महिना ५०० डॉलरांचा असून कुटुंबानें आपल्या मिळकतींतून १५० डॉलरच द्यावे असें गणितानें निघालें, तर उरलेले ३५० डॉलर सरकार देतें. कुटुंबानें ४०० डॉलरांचा कांस्य विमा घेतला तर त्याला ५० डॉलरच पडतात. पण येथेंच सावधपणा लागतो. मिळकत बेताची असणाऱ्यांना औषधपाण्याच्या खर्चांतहि सूट मिळते, आणि ती केवळ रौप्य विम्यावर मिळते. स्वस्ताच्या मोहानें कांस्य घेणारा कित्येकदां ही सूट गमावून बसतो. तसेंच आपला नेहमींचा डॉक्टर आणि जवळचें इस्पितळ त्या कंपनीशीं करारानें बांधलेलें आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें. नसेल तर स्वस्त विमा महाग पडतो.

निवड करावयाची तर बाजारांत दुकान हवें. २०१६ च्या उन्हाळ्यांत ॲरिझोनांतील पिनल कौंटींत तेंच उरलें नव्हतें. एटना कंपनीनें माघार घेतली तेव्हां पुढील वर्षासाठीं तेथें विमा विकणारा एकहि राहिला नाहीं. सुमारें दहा हजार लोकांचा प्रश्न होता. अखेर सप्टेंबरांत त्या संस्थानाची ब्ल्यू क्रॉस कंपनी पुढें आली. दुसऱ्या वर्षीं अशी भीति कितीतरी कौंट्यांना पडली. एकेक जागा भरत गेली आणि शेवटीं ओहायोंतील पॉल्डिंग ही एकच कौंटी मोकळी राहिली. ती १८२० सालीं स्थापन झालेली, शेतकीची, थोड्या वस्तीची कौंटी. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं केअरसोर्स या कंपनीनें तेथें विमा विकण्याचें मान्य केलें आणि तो घोर मिटला. तरीहि २०१८ सालीं देशांतील सुमारें अर्ध्या कौंट्यांत कंपनी एकच होती. कारण उघड आहे. वस्ती विरळ असली म्हणजे दोनचार मोठ्या आजारांनीं कंपनीचा हिशेब बिघडतो. आणि इस्पितळ एकच असलें म्हणजे दर तेंच सांगतें. खेड्यांतील मनुष्य निवडीचा हक्क घेऊन बाजारांत जाई, आणि तेथें निवडण्यासारखें एकच असे.

यानंतर कायद्याच्या खांबांना धक्के बसत गेले. विमा न घेणाऱ्याचा दंड २०१९ पासून शून्य करण्यांत आला. उलट २०२१ सालीं हप्त्यासाठीं मिळणारें साहाय्य वाढविलें गेलें, आणि दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर मिळकत गेली कीं साहाय्य बंद, ही जुनी मर्यादाहि उठविली गेली. २०२५ सालीं या बाजारांतून विमा घेणाऱ्यांची संख्या २ कोटि ४० लाखांच्या घरांत पोंचली. परंतु त्या वाढीव साहाय्याला कायद्यानें २०२५ अखेरचीच मुदत दिलेली होती, आणि ती वाढवावी कीं नाहीं या वादांत १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तेथील सरकारचें कामकाज ठप्प राहिलें. बाजार आपोआप चालत नाहीं, त्याला राज्यसत्तेनें दरवर्षीं आधार द्यावा लागतो, हें त्या वादांतून उघड झालें.

डल्लासच्या शिक्षकांनीं ५० सेंट दिले तेव्हां कोण आजारी पडेल हें कोणासच ठाऊक नव्हतें, आणि त्यामुळेंच ती योजना उभी राहिली. पुढील साऱ्या कायद्यांचा खटाटोप तें अज्ञान सर्वांनीं मिळून वांटून घ्यावें यासाठींच होता. तें किती लोकांत वांटावयाचें, हा प्रश्न मात्र कौंटीच्या सीमेपाशीं येऊन थांबला. सीमेच्या अलीकडे व पलीकडे राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांचें दुखणें एकच असतें. त्याचें मोल निराळें ठरावें हें त्या रेषेच्या आंखणाराच्या मनांतहि नव्हतें. वर्तुळ जितकें लहान, तितका एकेकावरचा भार मोठा, हा विम्याचा अगदीं पहिला नियम. आणि जेथें माणसें थोडीं तेथेंच तो सर्वांत कठोरपणें लागू झाला.