सीव्हर यांची रवानगी

खेळाडूंची अदलाबदल हा अमेरिकेतील बेसबॉलच्या व्यवसायाचा जुना, रूढ आणि कायदेशीर भाग असला, तरी १५ जून १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क मेट्स या संघाच्या चालकांनी टॉम सीव्हर या आपल्या सर्वश्रेष्ठ पिचरला सिनसिनाटीच्या रेड्स संघाच्या स्वाधीन करून मोबदल्यात चार तरुण पदरात घेतले, तेव्हा त्या शहराच्या प्रेक्षकवर्गात जो क्षोभ उसळला, त्याची मुळे एका रात्रीच्या सौद्याहून पुष्कळ खोल गेलेली होती.

१९५७ च्या हंगामाअखेर डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियास निघून गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर जीव टाकणारी माणसे पोरकी झाली. १९६२ साली जन्मलेल्या मेट्सने पहिल्याच वर्षी १२० सामने गमावले, तरीही या माणसांनी त्या दुबळ्या संघाला आपले मानले. घरच्या चादरींवर रंगाने मजकूर लिहून ते फलक मैदानात आणण्याची चाल त्यांनीच पाडली, आणि पुढे चालकांना त्या फलकांसाठी वर्षातला एक खास दिवस नेमून द्यावा लागला. अशा संघाकडे सीव्हर आले तेही निव्वळ दैवयोगाने. अटलांटाच्या संघाशी झालेला त्यांचा करारनामा नियमबाह्य ठरून रद्द झाल्यावर १९६६ मध्ये तीन इच्छुक संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. तीनच वर्षांनी, १९६९ साली, हा उपहासाचा विषय झालेला संघ जगज्जेता ठरला. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार सीव्हर यांनी १९६९, १९७३ आणि १९७५ असा तीनदा मिळवला. न्यूयॉर्कच्या पोरांनी त्यांची फेक गल्लीबोळांत गिरवली: उजवा गुडघा मातीला घासून काळा होईपर्यंत शरीर खाली झुकवून पायांच्या बळावर चेंडू फेकण्याची ती विलक्षण लकब.

या प्रेमाला कागदोपत्री कोणताही हक्क नव्हता, आणि दीर्घकाळ खेळाडूलाही नव्हता. १८७९ पासून चालत आलेल्या राखीव कलमान्वये करार संपला तरी खेळाडूवर मालकाचा इजारा कायम राहत असे. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने तो इजारा मोडून काढला, आणि मुदत पुरी केलेला खेळाडू आपली किंमत बाजारात अजमावू लागला. मेट्सच्या मालकीण जोन पेसन त्याच वर्षी निवर्तल्या होत्या. कारभाराची सूत्रे अध्यक्ष एम. डोनाल्ड ग्रँट या शेअरदलालीत मुरलेल्या गृहस्थांच्या हाती होती, आणि नव्या काळाप्रमाणे पैसा सैल सोडून चांगले खेळाडू आणावेत हे सीव्हर यांचे म्हणणे त्यांना अनादराचे वाटे. वाद विकोपाला गेला. तडजोड दृष्टिपथात आली असतानाच एका वृत्तपत्रीय लेखात सीव्हर यांच्या पत्नीवर मत्सराचा आरोप झाला, आणि मग सीव्हर यांनी स्वतःच संघ सोडण्याची इच्छा कळवली. अदलाबदलीची मुदत १५ जूनच्याच मध्यरात्री संपत होती.

निरोपाच्या वेळी पत्रकारांशी बोलताना सीव्हर प्रेक्षकांच्या उल्लेखापाशी आले आणि त्यांचा कंठ दाटून शब्द फुटेना. तेव्हा त्यांनी वही मागून घेतली व उरलेले मनोगत कागदावर लिहून दिले. पिचर सँडी कोफॅक्स यांचा बळींचा आकडा त्यांनी नुकताच मागे टाकला होता आणि त्या वेळी मैदानाने उभे राहून केलेला गजर आपण विसरणार नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांना व्यवहारात काडीचाही अधिकार नव्हता, त्यांच्या नावे तेव्हा लिहिला गेलेला एवढाच एक दस्तऐवज आहे, आणि माझ्या मते अदलाबदलीच्या करारापेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

लोकांनी उत्तर दिले ते पाठ फिरवून. २१ ऑगस्टला सीव्हर रेड्सचा पोशाख चढवून मेट्सच्या शे मैदानावर उतरले, तेव्हा ४६ हजारांहून अधिक लोक जमले, आणि आपल्याच संघाचा ५-१ असा पराभव करणाऱ्या या परक्या झालेल्या माणसाचा त्यांनी जयघोष केला. एरवी मैदान ओस पडू लागले. १९७० साली २६ लाखांवर गेलेली वार्षिक उपस्थिती १९७९ मध्ये ८ लाखांच्याही आत आली, संघ सलग तीन वर्षे आपल्या गटात तळाला राहिला, आणि त्या रिकाम्या मैदानाला लोक ‘ग्रँटची समाधी’ म्हणू लागले. १९७८ च्या अखेरीस ग्रँट यांना पायउतार व्हावे लागले.

या रोषात एक गोष्ट मात्र मला अत्यंत आदरणीय वाटते, ती ही की त्याची झळ त्या चार तरुणांना फारशी लागू दिली गेली नाही. पॅट झॅक्री, डग फ्लिन, स्टीव्ह हेंडरसन आणि डॅन नॉर्मन यांतला थोरलाही अवघा सव्वीस वर्षांचा होता. ज्याची जागा भरून काढणे कोणालाच शक्य नव्हते, त्याच्या मोबदल्याचे ओझे घेऊनच ते मैदानात उतरत. हेंडरसनने तर पहिल्याच वर्षी उत्तम फलंदाजी केली आणि नवोदितांचा पुरस्कार केवळ एका मताने गमावला. पुढे १९८१ मध्ये त्याचीही शिकागोस बदली झाली, परंतु त्यापूर्वी, १४ जून १९८० रोजी, शेवटच्या डावात दोन गडी बाद झालेले असताना त्याने होम रन मारून सहा धावांनी मागे पडलेला सामना ७-६ असा जिंकून दिला, आणि सीव्हरसाठी रडलेल्या त्याच लोकांनी तो पुन्हा बाहेर येऊन दर्शन देईपर्यंत त्याच्या नावाचा घोष करीत जागा सोडल्या नाहीत.