मंत्रिपद मिळाले, पण निर्णयाचे काय? पहिल्या राष्ट्रीय मंत्रिमंडळाचा धडा



केंद्रात आघाडीचे सरकार येणार म्हटले की शपथविधीआधीच आपल्या ग्रुपवर एक प्रश्न फिरू लागतो, "आपला कोण?" पालघर-बोईसर असो की मुरबे, सगळीकडे हेच. 'आपला' मंत्री झाला की अभिनंदनाचे बॅनर लागतात, नाही झाला की अन्यायाच्या पोस्ट येतात. ज्या समाजाला शतकानुशतके सत्तेच्या उंबरठ्यावरही उभे राहू दिले नाही, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो इथेच थांबला तर अपुरा आहे. हे खुद्द बाबासाहेबांनी १९५१ मध्ये स्वतःच्या अनुभवातून सांगून ठेवले आहे.

१५ ऑगस्ट १९४७ चे मंत्रिमंडळ पाहा. नेहरूंसह एकूण १४ जण. काँग्रेसकडे बहुमत होते, तरीही हे सरकार एका पक्षाचे नव्हते. उद्योग व पुरवठा खाते हिंदू महासभेच्या श्यामाप्रसाद मुखर्जींकडे, अर्थखाते जस्टिस पक्षातून आलेल्या षण्मुखम चेट्टींकडे, संरक्षण शिखांचे प्रतिनिधी बलदेव सिंग यांच्याकडे, रेल्वे टाटा उद्योगसमूहातून आलेल्या जॉन मथाईंकडे. आणि कायदा खाते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या बाबासाहेबांकडे. मजूर खाते काँग्रेसच्या जगजीवनराम यांना मिळाले. म्हणजे अस्पृश्य समाजातले दोन मंत्री. महिला एकच, राजकुमारी अमृत कौर. आदिवासी एकही नाही. घटना समितीत जयपालसिंग मुंडा आदिवासींची बाजू ठणकावून मांडत होते, पण मंत्रिमंडळात आदिवासींना जागा नव्हती.

काही लोक आजही म्हणतात, काँग्रेसने बाबासाहेबांवर उपकार केले. हा उपकार कसला? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. तारापूर एमआयडीसीत आठ तासांच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराने हे विसरू नये. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा दारुण पराभव झाला, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत गेले. फाळणीने ती जागा गेली. मग मुंबईतली बॅ. जयकरांची जागा रिकामी होती, तिथून त्यांना निवडून आणा, असे पत्र राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी बाळासाहेब खेरांना लिहिले. घटना समितीतले त्यांचे काम पाहता देशाला त्यांच्याशिवाय चालणार नाही, असाच त्या पत्राचा भाव होता. ज्याची गरज असते त्याला बोलावतात. त्याला उपकार म्हणत नाहीत.

पण खुर्ची मिळाली म्हणून सत्ता मिळाली का? २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. संसदेतले निवेदन आधी दाखवण्याची अट घातली गेली, तेव्हा त्यांनी सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. आपल्याला त्यातले हिंदू कोड बिल तेवढे आठवते. ते कारण मोठेच होते. पण बाकीची कारणे प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवीत. नियोजन खाते देण्याचे आश्वासन मिळाले होते, ते पाळले गेले नाही. परराष्ट्र आणि संरक्षण या महत्त्वाच्या समित्यांवर त्यांना कधीच घेतले नाही. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला आर्थिक समितीतूनही वगळले, निषेध केल्यावर नाव घातले. त्यांचा मुख्य आक्षेप हा होता की खरे निर्णय समित्यांमध्ये आधीच होतात आणि मंत्रिमंडळ त्यांची फक्त नोंद करते. अनुसूचित जातींना मिळणारी वागणूक आणि मागासवर्गीयांसाठी आयोग न नेमणे, हेही त्यांनी स्पष्ट मांडले.

हीच कसोटी आजच्या आघाडीला लावा. ९ जून २०२४ रोजी रालोआ सरकारने शपथ घेतली. भाजपच्या जागा २४०, म्हणजे मित्रपक्षांशिवाय बहुमत नाही. मंत्री ७२, पण मित्रपक्षांचे कॅबिनेट मंत्री फक्त पाच. आंबेडकरी नाव सांगणाऱ्या पक्षाचे रामदास आठवले २०१६ पासून राज्यमंत्रीच आहेत. आणि राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला बोलावल्याशिवाय बसत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

शपथविधीनंतर दहाच दिवसांनी, १९ जूनला, याच मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षे त्याला विरोध करत होते. बंदरे खात्याचे कॅबिनेट मंत्री सर्बानंद सोनोवाल स्वतः आसामच्या अनुसूचित जमातीचे. तरी मंजुरी थांबली नाही. आता मुरब्यालाही आणखी एक बंदर प्रस्तावित आहे. 'आपला कोण' एवढ्याच प्रश्नावर थांबणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मग आघाडी सरकारांकडून काहीच मिळत नाही का? मिळते. व्ही. पी. सिंगांचे सरकार डिसेंबर १९८९ मध्ये आले. जनता दलाकडे १४३ खासदार, एका बाजूने भाजपचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा बाहेरून पाठिंबा, आयुष्य जेमतेम अकरा महिने. पण रामविलास पासवान यांच्याकडे श्रम आणि कल्याण खाते होते, आणि मागे चळवळीचा रेटा होता. धर्मांतरानंतर तीन दशकांहून अधिक काळ रखडलेला बौद्धांच्या केंद्रीय सवलतींचा प्रश्न १९९० मध्ये सुटला. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. सरकार दुबळे होते, पण मागणी ठाम होती.

म्हणून पुढच्या वेळी मंत्र्यांची यादी आली की बॅनर छापायला टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. खाते कोणते? कॅबिनेट दर्जा आणि महत्त्वाच्या समितीत जागा आहे का? आणि निर्णय आपल्याविरुद्ध गेला तर राजीनामा टेबलावर ठेवण्याची हिंमत आहे का? बाबासाहेबांनी ती दाखवली. पुढच्याच निवडणुकीत ते मुंबईत हरले, पण आपल्या भूमिकेपासून हटले नाहीत. आपला माणूस मंत्रिमंडळात पाठवायचाच आहे. पण त्याला जाब विचारणारी चळवळ गावात उभी राहिली नाही, तर तोही आधीच झालेल्या निर्णयांची नोंदच करत राहील.

जय भीम! जय संविधान!