एक टन पुडिंग आणि एका केळ्याची किंमत

मंडळी, आज जरा लांबचा विषय घेतो. पण शेवटी तो आपल्या रावेर-यावल पट्ट्यातच येऊन थांबणार आहे, म्हणून दमानं वाचा.

अमेरिकेत केंटकी राज्याच्या टोकाला फुल्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथं केळीचं एक झाडही उगवत नाही, हिवाळ्यात बर्फ पडतो. तरी हे गाव स्वतःला एकेकाळी ‘जगाची केळी-राजधानी’ म्हणवून घ्यायचं. १९६० च्या दशकात तिथं केळी महोत्सव सुरू झाला. त्यातलं मुख्य आकर्षण होतं एक टन वजनाचं केळ्याचं पुडिंग! मिरवणुकीत ते गावभर फिरवायचं आणि मग लोकांना वाटायचं.

केळी न पिकवणाऱ्या गावाला हा मान मिळाला कसा? उत्तर सोपं आहे. रेल्वे. मध्य अमेरिकेतून बोटीनं आलेली केळी न्यू ऑर्लिन्स बंदरात उतरायची आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं शिकागोकडे निघायची. वाटेत डब्यांतला बर्फ वितळायचा. तो पुन्हा भरायचं मोठं ठिकाण म्हणजे फुल्टन. अमेरिकेत येणाऱ्या केळ्यांचा फार मोठा हिस्सा या एका जंक्शनवरून जायचा. पुढे बर्फाची गरज संपली, वाहतुकीची रीत बदलली आणि गावाकडे राहिली ती आठवण आणि पुडिंग.

आता हे पुडिंग म्हणजे काय? आपलं शिकरण डोळ्यांपुढे आणा. दुधाच्या जागी घट्ट शिजवलेलं कस्टर्ड, त्याखाली केळ्याच्या चकत्या, त्याखाली व्हॅनिलाची छोटी गोल बिस्किटं. पुन्हा तेच थर. वरून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेसाळ थर किंवा फेटलेलं क्रीम. अमेरिकेच्या दक्षिण भागात चर्चचं जेवण असो, कुटुंबाचं संमेलन असो, बार्बेक्यू असो की कुणाच्या दहनविधीनंतरचं, म्हणजे त्यांच्या भाषेत दफनानंतरचं जेवण असो, हे पातेलं टेबलावर असतंच. गोऱ्यांच्या घरातही आणि काळ्यांच्या घरातही. टेनेसीतल्या सेंटरव्हिल गावात २०१० पासून दर ऑक्टोबरात या पुडिंगचा राष्ट्रीय महोत्सव भरतो, स्पर्धा लागते.

पंधरा माणसांसाठीचं साधारण माप सांगतो. एक लिटर दूध, एक वाटी साखर, सहा अंड्यांचं पिवळं, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच एकजीव करायचं आणि मंद आचेवर सतत हलवत राहायचं. घट्ट झालं की लगेच उतरवू नका, एक मिनिट बुडबुडे येऊ द्या. पिवळ्यात एक एन्झाइम असतं. ते उष्णतेनं निकामी झालं नाही तर पिठाचा घट्टपणा मोडतं आणि रात्रीचं दाट कस्टर्ड सकाळी पातळ होतं. खाली उतरवल्यावर लोणी आणि व्हॅनिला. मग पसरट भांड्यात बिस्किटं, सहा-सात केळ्यांच्या चकत्या, वर कस्टर्ड, असे दोन-तीन थर. चकत्या कस्टर्डखाली पूर्ण झाकल्या गेल्या पाहिजेत, हवा लागली की त्या काळ्या पडतात. पिवळं कस्टर्डात गेलं, मग उरलेलं पांढरं साखर घालून फेटायचं, वर पसरायचं आणि ओव्हनमध्ये तांबूस करायचं. काही वाया जात नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. हे लगेच खायचं नसतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की बिस्किटं ओलावा पितात आणि केकसारखी मऊ होतात. समारंभाला ही वस्तू बरोबर बसते ती यामुळेच. आदल्या दिवशी करा, झाकून न्या, चमच्यानं वाढा. कापायचा त्रास नाही, मोजून तुकडे नाहीत. चार पाहुणे जास्त आले तरी भागतं. अंडं न खाणाऱ्यांनी कस्टर्ड पावडर वापरावी. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत फ्रूट कस्टर्ड येतं ते याच पावडरीचं. ती १८३७ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डनं काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं.

आता इतिहासाकडे.

दीडशे वर्षांपूर्वी सामान्य अमेरिकन माणसानं केळं पाहिलेलंही नव्हतं. १८७० च्या सुमारास लॉरेंझो डाऊ बेकर नावाच्या जहाजाच्या कप्तानानं जमैकाहून काही घड आणून जर्सी सिटीत विकले आणि चांगला नफा कमावला. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात एकेक केळं चकचकीत कागदात गुंडाळून दहा सेंटला विकलं गेलं. तेव्हाच्या मजुरीच्या मानानं ही चैनच होती.

केळ्याच्या पुडिंगची एक जुनी छापील कृती १८८८ च्या ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकात सापडते. त्यात बिस्किटं नाहीत, स्पंज केकचे काप आहेत. म्हणजे मूळ घाट इंग्रजांच्या ‘ट्रायफल’चा, त्यात नवं फळ आलं. नॅशनल बिस्किट कंपनी १९०१ पासून व्हॅनिला वेफर्स बनवू लागली. केकपेक्षा डब्यातलं बिस्किट स्वस्त आणि टिकाऊ. १९२१ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या ‘पँटाग्राफ’ या दैनिकात अशी बिस्किटं घातलेली कृती छापून आली. म्हणजे गावच्या पेपरातूनही इतिहास घडतो, हे आम्हा पत्रकारांनी लक्षात ठेवावं! १९४० च्या दशकात कंपनीनं ही कृती थेट खोक्यावरच छापली आणि ती घरोघरी गेली.

गंमत बघा. सुरुवातीच्या या कृती उत्तरेतल्या मासिकांत आणि पेपरांतही सापडतात. ‘हा आमचा दक्षिणेचा पदार्थ’ ही ओळख नंतर पक्की झाली. बंदरं दक्षिणेत, रेल्वे तिथूनच निघणारी, आणि गावजेवणाची रीतही तिथं जिवंत. पदार्थ जन्मतो एकीकडे, नांदतो दुसरीकडे.

दहा सेंटची चैन गरिबाच्या पातेल्यात आली कशी, हा खरा प्रश्न आहे.

१८९५ मध्ये अलाबामातल्या मोबिल बंदरावर सॅम झेमरे नावाचा तरुण उभा होता. रशियन साम्राज्यातून आलेला गरीब ज्यू मुलगा. त्यानं पाहिलं की बोटीतून उतरताना जी केळी पिकायला आलेली असतात, ती व्यापारी बाजूला टाकतात. आपल्याकडे वापशीची केळी काढतात तसंच. गाडीनं लांब पोहोचेपर्यंत ती सडणार, म्हणून. झेमरेनं दीडशे डॉलर लावून ती उचलली आणि रेल्वेच्या वाटेवरच्या गावांतल्या दुकानदारांना विकत गेला. पुडिंगला तशीच केळी लागतात, ठिपके पडलेली, पूर्ण पिकलेली.

हा झेमरे पुढे होंडुरासमध्ये मळ्यांचा मालक झाला. तिथल्या सरकारची धोरणं त्याच्या सोयीची नव्हती. म्हणून १९११ च्या सुमारास त्यानं पदच्युत अध्यक्ष मॅन्युएल बोनिया याला बोट, बंदुका आणि भाडोत्री लढवय्ये पुरवले. बोनिया पुन्हा सत्तेवर आला आणि झेमरेला जमिनी आणि करसवलती मिळाल्या. ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द आपण राजकारणावर बोलताना सहज वापरतो. तो त्याआधीच, १९०४ मध्ये, ओ. हेन्री या लेखकानं होंडुरासमध्ये राहून आल्यावर रूढ केला होता.

१८९९ मध्ये स्थापन झालेली युनायटेड फ्रूट कंपनी तर याहून मोठी. जमीन तिची, रेल्वे तिची, बंदर तिचं, बोटी तिच्या. १९२८ मध्ये कोलंबियात तिच्या मजुरांनी संप केला. मागण्या काय होत्या? आठवड्यात सहा दिवस काम, आठ तासांचा दिवस, लेखी करार, आणि मजुरी कंपनीच्या कुपनांऐवजी रोख पैशांत. डिसेंबरात सिएनागा गावच्या चौकात जमलेल्या मजुरांवर सैन्यानं गोळीबार केला. सेनापतीनं ४७ मेले म्हणून सांगितलं, इतर अंदाज हजारापर्यंत आणि त्याही पलीकडे जातात. नक्की मोजदाद कधी झालीच नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केसनं हे हत्याकांड आपल्या कादंबरीत आणलं म्हणून जगाला कळलं.

ग्वाटेमालाची गोष्ट आपल्या शेतकऱ्यानं नीट ऐकावी. १९५२ मध्ये अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी जमीन सुधारणा कायदा आणला. कंपनीची पडीक जमीन घेऊन भूमिहीनांना द्यायची आणि भरपाई द्यायची कंपनीनं स्वतः कर भरताना दाखवलेल्या किमतीप्रमाणे. ती आली सुमारे सव्वासहा लाख डॉलर. कर चुकवण्यासाठी किंमत कमी दाखवलेली होती ना! आता मागणी आली १ कोटी ५८ लाखांची, आणि तीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यामार्फत. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली कंपनीत होते, तिनं युनायटेड फ्रूटचं काम केलेलं होतं. त्यांचे भाऊ ॲलन हे सीआयएचे प्रमुख. जून १९५४ मध्ये आर्बेन्झ सरकार उलथवलं गेलं. पुढे त्या देशानं ३६ वर्षांचं यादवी युद्ध भोगलं.

केळं स्वस्त झालं ते असं. चर्चच्या हॉलमध्ये पुडिंग वाढणाऱ्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं, तिचा दोषही नव्हता. तिनं जवळच्या दुकानातलं सर्वांत स्वस्त फळ घेतलं आणि चार घरं एकत्र जेवायला बसवली. पण बिल कुणीतरी भरलंच होतं.

आणि ते केळंही आता राहिलं नाही. त्या काळी ‘ग्रो मिशेल’ नावाची जात होती. पनामा रोगानं, म्हणजे मुळातून येणाऱ्या मर रोगानं, मळेच्या मळे बसले. १९६० च्या दशकापर्यंत कंपन्यांनी कॅव्हेंडिश गटाची केळी लावली. आपली बसराई त्याच गटातली, आजची ग्रँड नैन, म्हणजे आपली ‘जी-नाईन’, तीही त्याच गटातली. म्हणजे आज टेनेसीतल्या पुडिंगात पडणारं केळं आणि आपल्या बागेतलं केळं जवळचे भाऊबंद आहेत. आता त्या रोगाचा नवा अवतार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. टिश्यू कल्चरच्या रोपांनी आपल्याला एकसारखे घड दिले. पण सगळी बाग एकाच साच्याची असेल तर रोगालाही एकच कुलूप तोडायचं असतं.

आता आपलं बघू. भारत जगात सर्वाधिक केळी पिकवतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा, रावेर इथून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी जात आल्या. गावोगावच्या फ्रूटसेल सोसायट्या एकेकाळी स्वतः माल भरायच्या. आज बहुतेक ठिकाणी बोर्डावर एक भाव लिहिलेला असतो आणि बागेत व्यापारी दुसराच देतो. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, हे विचारत शेतकरी फोन फिरवत बसतो. वादळ आलं की उभी बाग आडवी होते. कांदेबाग असो की मृगबाग, घड कापणीला आला की वाट पाहता येत नाही. नाशवंत मालाचा मालक नेहमी घाईत असतो आणि समोरचा निवांत.

अमेरिकेत ट्रेडर जोज नावाच्या दुकानांच्या साखळीनं वीस वर्षांहून जास्त काळ एक केळं १९ सेंटलाच विकलं. २०२४ मध्ये ते २३ सेंट केलं तर राष्ट्रीय बातमी झाली. ग्राहकाला चार सेंटची वाढ टोचते. बागेत मात्र भाव एका आठवड्यात निम्मा झाला तरी बातमी आतल्या पानावर जाते. हे मी आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय.

या सगळ्यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, केळीच्या धंद्यात ज्याच्या हातात वाहतूक आणि साठवण, त्याच्या हातात भाव. शंभर वर्षांपूर्वी कंपनीकडे रेल्वे आणि बोटी होत्या, आज शीतगृह आणि पिकवण केंद्र कुणाकडे आहे ते आपापल्या तालुक्यात मोजून बघा. दुसरी, फुल्टननं नुसता बर्फ भरून स्वतःची ओळख बनवली. आपण केळी पिकवतो, तरी आपल्या नावाचा एकही पदार्थ बाहेरच्या माणसाला पटकन आठवत नाही. शिकरण आहे, केळ्याचे वेफर्स आहेत, केळफुलाची भाजी आहे. महोत्सव करायला काय हरकत आहे? पण त्या महोत्सवाच्या मंडपात भावाचा बोर्डही लागला पाहिजे, आणि त्यावर बागेत प्रत्यक्ष मिळालेला भाव लिहिला पाहिजे.

तुमच्या गावात या आठवड्यात बोर्डाचा भाव किती होता आणि हातात किती पडला, ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल, गाव आणि तारीख तेवढी लिहा. कोलंबियात मोजदाद झाली नाही, निदान आपल्या भावाची तरी आपण ठेवू.