इंद्रप्रस्थ : काव्यातील राजधानी आणि मातीतील राजधानी

राजधानीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे प्रथम तिचे तट, वेशी आणि वाडे दाखवावे लागतात. इंद्रप्रस्थापुरते हे काम महाभारताने करून ठेवले आहे. आदिपर्वातील या नगरीला सागरासारखे खंदक आहेत, आभाळाला भिडणारे पांढरे तट आहेत, पंख पसरलेल्या गरुडासारख्या दुपाखी दारांच्या वेशी आहेत. रस्ते नीट आखलेले. आमराया आणि तळी जागोजाग. वेदज्ञ ब्राह्मण, व्यापारी आणि नाना कसबांचे कारागीर तेथे राहावयास येतात. पुढे सभापर्वात मयासुर चौदा महिने खपून चोहोबाजूंनी दहा हजार किष्कूंची, म्हणजे ढोबळपणे तितक्याच हातांची, सभा उभारतो. तिच्यातील जमीन पाण्यासारखी भासते आणि पाणी जमिनीसारखे.

आता हीच नगरी मातीत शोधू. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याच्या आत इंद्रपत नावाचे खेडे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदत होते. परंपरेने जागा दाखविली ती हीच. तेथे १९५४-५५ साली आणि पुन्हा १९६९ ते १९७३ या काळात उत्खनन झाले. मौर्यकाळापासून पुढच्या वस्तीचे थर सापडले. त्याहून जुन्या, रंगीत नक्षीच्या राखी भांड्यांची खापरे मिळाली, पण तुरळक. हस्तिनापुरास १९५० ते १९५२ मध्ये अशाच खापरांचा सलग थर लागला होता. त्या थरातील घरे कुडाची आणि मातीची. स्फटिकाची फरशी कोठेच नव्हती.

मग कवी खोटे बोलला काय? असे म्हणण्याची घाई करू नये. महाभारत शतकानुशतके वाढत गेले, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे कोणासही पडताळून पाहता येते. पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असे म्हणाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या आवृत्तीच्या संहितेत हे वाक्यच नाही. कथा जशी वाढली तशी नगरीही वाढली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोवर मोठी शहरे आली होती. मेगॅस्थेनीसच्या वृत्तांतावरून पाटलीपुत्राच्या लाकडी तटाला ६४ वेशी आणि ५७० बुरूज होते. त्याच पाटलीपुत्राच्या जागी, कुम्राहार येथे, ८० खांबांच्या मौर्यकालीन सभागृहाचे अवशेष निघाले. त्या काळच्या दगडावरील झिलई आजही आरशासारखी चमकते. अशी झिलई पाहिलेल्या माणसाला पाण्याचा भास घडविणारी फरशी सुचणे अवघड नाही. कुडाच्या घरांत राहिलेल्या पूर्वजांना नंतरच्या पिढ्यांनी आपल्या काळचे उंची वस्त्र नेसविले, असा माझा तर्क आहे.

म्हणून शब्दन् शब्द खरा मानणारा आणि सारे थोतांड म्हणणारा, असे दोघेही या काव्याचे नुकसान करतात. वाड्याची शोभा सांगणारे हे काव्य वाड्याची किंमतही सांगते. खांडववन अर्जुन आणि कृष्ण यांच्या साहाय्याने अग्नीने जाळले. पळणारे प्राणी मारले गेले. मय, तक्षकपुत्र अश्वसेन आणि चार शार्ङ्गक पक्षी एवढेच वाचले. त्या वाचलेल्या मयाच्या हातून ती सभा झाली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या दाहाकडे आपले लक्ष वेधले, ते योग्यच होते. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात रान हटवूनच शेती आणि वस्ती वाढली, हे इतिहासही सांगतो. फरक इतकाच की, इतिहासाला त्या रानात राहणाऱ्यांचा आक्रोश ऐकू येत नाही. महाभारताने तो नोंदविला आहे.

आणि एवढे करून ती सभा किती दिवस लाभली? राजसूयाला आलेला दुर्योधन तेथे फसला, हसे झाले, आणि त्या मत्सरातून द्यूत उभे राहिले. पांडवांनी राज्य गमावले. युद्ध जिंकल्यावरही त्यांनी गादी मांडली ती हस्तिनापुरास.

इंद्रप्रस्थ पुन्हा समोर येते ते मौसलपर्वात. द्वारका समुद्राने गिळली आहे, यादव आपसांत लढून संपले आहेत. उरलेल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे घेऊन अर्जुन निघतो, वाटेत लुटला जातो, आणि त्यांतील कित्येकांना इंद्रप्रस्थात आणून कृष्णाचा पणतू वज्र याला तेथे राज्यावर बसवितो. मयसभेचे नावही तेथे निघत नाही. निराश्रितांना आसरा मिळाला, एवढीच त्या राजधानीची अखेरची थोरवी काव्याने सांगितली आहे.